यान सूर्याकडे निघालं

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत काय झालं, ऐका. सूर्याकडून येणारा प्लाझ्मा यानाच्या चुंबकीय शिडावर आदळतो आणि यानाला लांब ढकलतो, हे मी कॉम्प्युटरवर दाखवणार होते. पण सकाळी उगाच प्रोग्रॅममध्ये हात घातला होता. बटन दाबलं, तर यान थेट सूर्याकडे निघालं!

आमचे सर दबक्या आवाजात म्हणाले, "काहून वं, उलटं काहून चाललं?"

परीक्षक दिल्लीहून आलेले, सकाळपासून फक्त इंग्रजीच बोलत होते. त्यांना काय कळणार म्हणून मी घाबरून बोलून गेले, "सर, नागपूरचं आहे. उन्हाची सवय आहे त्याले."

परीक्षकांनी चष्मा काढला. "वजाचं चिन्ह राह्यलं वं पोरी. अन् सवय असली तरी दुपट्टा बांधून पाठव त्याले."