नाव तपासून सही करावी

रंगूबाई : चोर हाय तुमचं सरकार! मानूस नेला तो नेला, वर त्याचं नावबी गिळलं. ढेकर पन दिला नाय.

देवश्री : आजी, जरा हळू. आत बाकीचे नातेवाईक आहेत.

रंगूबाई : असू देत. त्यांना पन ऐकू दे. चौपन्न वरसं हळूच बोलले मी. काय मिळालं?

रावजी : रंगू, गप गो. ही पोरगी काय सरकार हाय? पगारी मानूस हाय ती, माज्या पोरासारखी, सुनीलसारखी.

देवश्री : पगारीसुद्धा नाही, काका. कंत्राटावर आहे. अकरा महिने.

रंगूबाई : मग जो सरकार हाय त्याला बोलव.

देवश्री : ते परवा येतील, अनावरणाला. आज मीच आहे.

(महाडला हायवेच्या कडेला, जिथून समुद्र दिसत नाही की ऐकू येत नाही, तिथं एकाहत्तरच्या लढाईत बुडालेल्या जहाजाचं नवंकोरं स्मारक उभं राहिलंय. काळ्या दगडाच्या भिंतीवर नावं कोरलीत, मागं एक संग्रहालय आहे. नातेवाइकांना आज पत्र पाठवून बोलावलंय : नाव तपासून सही करावी. रंगूबाईच्या हातात पेन दिलेलं आहे आणि ते तिनं काठीसारखं धरलंय.)

देवश्री : पत्र दाखवा बघू. श्रीमती रंगूबाई रावजी उतेकर, मुक्काम कुडपण, तालुका पोलादपूर. बरोबर?

रंगूबाई : मुक्काम बरोबर.

देवश्री : आणि भिंतीवर सतरावं नाव, रावजी धोंडू उतेकर. मी स्वतः तीनदा ताडून बघितलंय. मग चुकलं काय?

रंगूबाई : मानूस चुकला.

देवश्री : म्हणजे?

रंगूबाई : ज्यांचं नाव तुमी दगडात घातलंय, ते हे काय, तुज्या टेबलाला टेकून उभे हायत. दम लागलाय त्यांना. आधी खुर्ची दे.

देवश्री : बसा काका. पण आजी, हे तर कोंडिराम उतेकर. तुमचे दीर. आत्ताच रजिस्टरमध्ये सही केली त्यांनी.

रावजी : केली. पन्नास वरसं तीच करतोय. हात बसलाय.

देवश्री : मला काहीच कळत नाहीये.

रावजी : तुला कळंल. तुज्या वरच्यांना नाय कळायचं. ऐक. आमी दोन भाऊ. थोरला मी, रावजी. कापड्याच्या शाळेत सातवी पास झालेला. पाठचा कोंडिराम, त्यानं चौथीत पाटी फेकली. भरतीचं बोलावनं आलं माज्या नावानं. गेला तो. माजा दाखला खिशात घालून, माजं नाव सांगून.

देवश्री : आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?

रावजी : कोनाच्या येनार? दाखल्यावर फोटो थोडाच व्हता. छाती मोजली, दात बघितले, बैल घेताना बघतात तसे. बैलाचं नाव कोन इचारतो?

रंगूबाई : पाच वरसं नेव्हीत काढली. सुट्टीवर आले तवा आमचं लगीन झालं. दीड वरसात जहाज बुडालं. तार आली, रावजी उतेकर बेपत्ता. पोस्टमननं ती कोनाच्या हातात ठेवली म्हाईत हाय? ह्यांच्याच!

रावजी : घरात वाचता मलाच येत व्हतं. आयेला वाचून दाखवली मी. माज्या मरनाची तार.

देवश्री : अहो, मग तेव्हाच सांगायचं ना!

रावजी : बा घाबरला. खोट्या नावानं भरती झाली म्हनून सगळ्यांना बेड्या पडतील. गावातला एक शाना म्हनला, रावजी कागदावर मेलाय, तर तू कोंडिराम हो, कोंडिराम कागदावर मोकळाच हाय. झालो. रेशनकार्डाला कोंडिराम, मताला कोंडिराम, आता त्या अंगठ्याच्या मशिनीत पन कोंडिराम. मुंबईत तीस साल वॉचमनकी केली. साहेब लोक गेटवरनं वरडायचे, कोंडिराम, ए कोंडिराम! पयली पयली मी मागं वळून बघायचो. वाटायचं, खरंच आला काय हा.

रंगूबाई : ह्यांचं बरं हाय, ह्यांना कोनी हाक तरी मारली. आमा दोघी जावांचं काय? माजी जाव तुळसा, ह्यांची बायको. कागदावर तिचा दादला कोन? माजा दादला. आनि माजा कोन? तिचा. दर नोव्हेंबराला मी पोलादपूरला पेन्शनीसाठी जित्याचा दाखला द्यायला जायची, ह्यांची विधवा म्हनून. आनि हे भायेर यष्टीच्या थांब्यावर बिडी फुकत माजी वाट बघत बसलेले! ज्यांच्यापुढं मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाय, त्यांचं नाव घ्यायचं, अंगठा द्यायचा, कुंकू कधी गेलं ते सांगायचं. घरी आले की तुळसा म्हनायची, "दे गो आता माजा नवरा परत." म्हनायची नि चुलीकडं तोंड फिरवायची. मेली बिचारी. तिच्या मरनाच्या दाखल्यावर पन माज्याच नवऱ्याचं नाव.

रावजी : जाऊ दे गो.

रंगूबाई : तुमी दोन शब्दच शिकलात जल्माला येऊन. जाऊ दे.

देवश्री : आजी, सहीचं नंतर बघू. आलाच आहात तर आधी आतलं बघून घ्या. चला, हात धरा माझा. इथं उंबरा आहे.

रावजी : अरे वा, बोट! सिमेंटची?

देवश्री : प्रतिकृती आहे. त्याच जहाजाची.

रावजी : पूर आला तवा माजा भाचा हितं महाडात पत्र्यावर बसून व्हता. एक दिवस, एक रात्र. बोट आली नाय. आता बांधलीत व्हय? बरं झालं. पुढच्या पुराला लोक हिच्यात बसतील आनि हीच घेऊन बुडतील.

देवश्री : हा नकाशा. बटण दाबलं की जिथं बुडालं तिथं लाल दिवा लागतो. दाबा आजी.

रंगूबाई : लागला. एवढासाच?

देवश्री : हो.

रंगूबाई : पानी किती व्हतं तिथं?

देवश्री : ते... फलकावर लिहिलेलं नाही.

रंगूबाई : कुडपनचा कडा बुडंल एवढं?

देवश्री : खरंच मला माहीत नाही, आजी.

रंगूबाई : बुडायला किती येळ लागला?

देवश्री : फलकावर काही मिनिटं असं दिलंय.

रंगूबाई : कडेला जायला मिळालं नसंल मग. त्यांना पवता येत नव्हतं. आमच्या डोंगरावर पवायला जागा कुठली? नेव्हीत शिकवलं म्हनायचे. शिकवलं असंल. हे काय, बघू बघू. सरक बाजूला, पोरी. भावजी, चष्मा द्या तुमचा.

रावजी : काय गो?

रंगूबाई : दुसऱ्या ओळीत. डावीकडनं तिसरे. टोपी वाकडी घातलीय बघा. वाकडीच घालायचे.

रावजी : व्हय. कोंड्याच हाय.

देवश्री : जहाज निघण्याआधीचा फोटो आहे, सगळ्या खलाशांचा. खाली क्रमानं नावं दिली आहेत. तिसरं... रावजी धों. उतेकर.

रंगूबाई : माज्या घरात त्यांचा फोटो नाय. एकबी नाय. तोंड इसरले व्हते मी. इसरले व्हते गो पोरी. नाक आठवायचं, बाकी सगळं ह्यांच्या तोंडासारखं व्हायचं.

देवश्री : आजी, काचेला हात... असू दे. लावा.

रंगूबाई : हा पोरगा तेवीस वरसांचा हाय. माजा नातू दिसंल आता माज्या बाजूला.

रावजी : चल रंगू. बघितलंस ना? सही कर नि चल. कापड्याची गाडी दोनला हाय.

रंगूबाई : सही नाय करनार. हे नाव बरोबर हाय असं मी लिहून देनार नाय. इतकी वरसं अंगठा दिला तो पोटासाठी दिला. दगडाला नाय देनार. दगड काय आपल्यासारखा मरत नाय.

देवश्री : सही नसेल तरी नाव तसंच राहील, आजी. मी खोटं कशाला सांगू? यादी वरून आलीये. फार तर मी दुरुस्तीचा अर्ज लिहून देते. सांगा. ज्यांचं नाव हवंय त्यांचं पूर्ण नाव?

रावजी : कोंडि...

रंगूबाई : तुमी थांबा. मी सांगते. मी कधी घेतलं नाय त्यांचं नाव. लग्नात घ्यायला सांगितलं तवा लाजून पळाले, आनि मग घ्यायची येळच आली नाय. लिही. कोंडिराम. धोंडू. उतेकर.

देवश्री : लिहिलं. आता पुरावा. खरा माणूस कोण होता, हे सांगणारं कुणीतरी हवं. काका, प्रतिज्ञापत्र करावं लागेल. मीच रावजी आहे, आणि माझ्या दाखल्यावर भाऊ भरती झाला, असं.

रावजी : ते नाय जमायचं.

रंगूबाई : का?

रावजी : का म्हनजे? सुनील एमआयडीसीत कामाला हाय, सुनील कोंडिराम उतेकर. त्याच्या वैशालीची नर्सिंगची अ‍ॅडमिशन, जातीचा दाखला, समदं माज्या त्या नावावर. मी रावजी झालो की पोरगा कोनाचा? नात कोनाची? खाली-पिली सगळं घर पान्यात घालू?

देवश्री : काका म्हणतात ते खरंय. आणि तुमची पेन्शनही थांबेल, आजी. वर खोटी भरती म्हणून चौकशी.

रंगूबाई : थांबवा. नाचनी खाऊन राहीन. भावजी, तुमी गेल्यावर सांगायला कोन उरतं? तुमी मेलात की गावात कोंडिराम उतेकर मेला म्हनून दाखला निघंल. खाटेवर, म्हातारपनानं, खोकून. माजा नवरा खोकून नाय मेला.

रावजी : मला म्हाईत हाय तो कसा मेला!

रंगूबाई : मग बोला की.

रावजी : काय बोलू? त्यानं दाखला चोरला असं लिहू? चोरला नाय त्यानं. मी दिला. बोलावनं आलं नि माजी गाळन उडाली. दर्या बघितला नव्हता कधी, सपनात पानी यायचं. मी त्याला म्हनलो, तू जा, तुला हौस हाय. बापाला सांगितलं, कोंड्यानंच पेटी फोडून नेला. चौपन्न वरसं तुज्या हातची भाकरी खातोय नि हे गिळतोय. घे, आता बोललो.

रंगूबाई : मला ठाव हाय.

रावजी : काय?

रंगूबाई : लग्नाच्या चौथ्या दिवशीच सांगितलं त्यांनी. म्हनले, दादा भितो पान्याला, त्याला कधी टोचून बोलू नको. नाय बोलले.

रावजी : आनि तू एवढी वरसं...

रंगूबाई : त्यांनी सांगितलं व्हतं ना. म्हनून.

रावजी : ए पोरी. आन तो कागद. लिही. मी रावजी धोंडू उतेकर, जिता. सुनीलला मी तोंड देईन. काय व्हायचं ते होऊ दे.

देवश्री : काका, विचार करा.

रावजी : इचारच केला आजवर. लिही.

देवश्री : थांबा, मग मी आधी वर फोन लावून विचारते. उगीच तुमचं घर उघड्यावर यायला नको. हॅलो... सर, महाडहून देवश्री. ते सतरावं नाव. हो, नातेवाईक समोर आहेत. मोठा भाऊ स्वतः लिहून द्यायला तयार आहेत... हो. हो सर. पण ते जिवंत आहेत ना, समोर बसलेत. बरं. नाही, मी कशाला वाद घालू? बरं सर, धरते.

रंगूबाई : काय म्हनला?

देवश्री : म्हणाले, रावजी उतेकर नोंदीप्रमाणे मृत आहेत. मृत माणसाचं प्रतिज्ञापत्र घेता येत नाही.

रावजी : आनि मी कोन मग?

देवश्री : तुम्ही कोंडिराम. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं, गेल्या निवडणुकीतही मत दिलंय. आणि हुतात्म्यांच्या भिंतीवर जिवंत माणसाचं नाव लावता येत नाही. अर्ज देऊच नका म्हणाले. दिलात तर चौकशी लागेल, नाव मात्र बदलणार नाही.

रावजी : म्हनजे मी तोंड उघडलं ते पन फुकट.

देवश्री : मला माफ करा, काका.

रावजी : तू कशाला माफी मागतेस? तुजे अकरा महिने हायत. रंगू, ऊठ. गाडी जाईल.

रंगूबाई : फोन चालू हाय काय गो तो?

देवश्री : सर लाइनवर आहेत. तुमची सही झाली का विचारतायत.

रंगूबाई : दे हिकडं. हॅलो. सायेब, मी कुडपनची रंगूबाई. सही मागताय ना, देते. एकच इचारते. कोंडिराम उतेकर जिता हाय, असं तुमच्या मशिनीत हाय म्हनता. बरं झालं. माजा नवरा हाय तो. दीड वरसाची सोबत, त्यातले सत्तावीस दिवस घरी. मी काय भांडत नाय आता. जिता हाय तर कुठं हाय, तेवढं बघून सांगा. सायेब? आवाज येतो ना माजा? मग बोला.