मागच्या चाकाच्या नटावरची रेघ

वार शुक्रवार. वेळ सकाळी ११.२० ते दुपारी १.०५.

मी, जिचे नाव आणि राहण्याचा पत्ता या कागदाच्या माथ्यावर लिहून घेतला आहे, वय ६३ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त आरेखक, आज स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, गेल्या रविवारी घाटातल्या मोटारसायकल अपघातात मयत झालेले गृहस्थ माझे यजमान होते. त्या कामी तुम्ही ज्या मिस्त्रींना बुधवारपासून ठाण्यात बसवून ठेवले आहे त्यांची चूक नाही. ती कोणाची आहे हे मला माहीत आहे आणि तेच सांगायला मी आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही, कोणी पाठवलेले नाही.

घरात मी आणि यजमान असे दोघेच राहत होतो. यजमान, वय ६८, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झाले होते. मी नकाशा कचेरीत चौतीस वर्षे नकाशे उतरवण्याचे काम केले. एक मुलगी आहे, ती लग्नानंतर परगावी असते.

सदर मोटारसायकल दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या असलेली आहे. ती आमच्याकडे एकतीस वर्षे होती. मुलगी तिच्यानंतर चौदा महिन्यांनी झाली, म्हणून घरात गाडीला ‘थोरली’ आणि मुलीला ‘धाकटी’ म्हणत. मुलीने दुसरीत असताना निबंधात ‘माझी मोठी बहीण पेट्रोल पिते’ असे लिहिले होते, त्यावरून तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतले होते. हवालदार म्हणतात की हे जबाबात नको. नको असल्यास गाळावे. गाडी किती वर्षांची आणि घरात तिचे काय स्थान होते, एवढे समजावे म्हणून सांगितले.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. पंचवीस वर्षांच्या आतली गाडी असेल तर त्यात घेत नाहीत. सध्या अकरा जण आहेत. गटाच्या पुढे चालणाऱ्यांना सगळे कप्तान म्हणतात, ते पूर्वी औषधांचे दुकान चालवत. सर्वांत मागे मिस्त्री चालतात, म्हणजे वाटेत कोणाची गाडी बंद पडली तर ती त्यांच्या पुढ्यात येते. मिस्त्रींचे स्वतःचे गॅरेज आहे. आमच्या थोरलीला बावीस वर्षांत त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. ते मला वहिनी म्हणतात.

गटाची एक पद्धत आहे, ती सांगणे जरूर आहे. गाडीचा महत्त्वाचा नट आवळला की नटावरून बाजूच्या लोखंडावर जाईल अशी रंगाची एक रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून दिसते. तुटकी रेघ असलेली गाडी कोणी रस्त्यावर काढायची नाही. दुसरा नियम असा की आवळणाऱ्याने रेघ ओढायची नाही, ती दुसऱ्याने ओढायची. ओढण्यापूर्वी त्याने मोठ्याने विचारायचे, “आवळला?” आणि आवळणाऱ्याने म्हणायचे, “आवळला.” मगच रंग लावायचा. नवीन माणसांना याचे हसू येते. सत्तावीस वर्षांत या कारणाने गटातला कोणी पडला नव्हता.

आमच्या गाडीच्या रेघा मी ओढत असे. इतर जण रंगाचा डबा वापरतात, मी नेलपॉलिश वापरते, लाल. कुंचल्याचे केस कापून चारपाचच ठेवते. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आम्हाला श्वास रोखून रेघ ओढायला लावत, पुढे कचेरीतही तेच केले. यजमान खाली बसून पाना फिरवत आणि मी शेजारी पाटावर बसे. “आवळला?” “आवळला, बाईसाहेब.” असे चौदा नट. दर वर्षी मोठ्या फेरीच्या आदल्या दुपारी हे काम चाले व त्यानंतर आम्ही दोघे चहा घेत असू.

विचारल्यावरून सांगते की, मागच्या चाकाच्या नटाला पूर्वी आरपार खीळ असे, त्यामुळे तो सुटण्याची भीती नव्हती. नऊ वर्षांपूर्वी चाकाचा आस बदलावा लागला. जुन्या मापाचा मिळाला नाही. जो मिळाला त्याला खिळीचे भोक नव्हते. तेव्हापासून त्या नटाची सगळी भिस्त आवळण्यावर आणि रेघेवर होती.

शनिवारी, म्हणजे या वर्षीच्या मोठ्या फेरीच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेनवाच्या सुमारास मिस्त्री आमच्या घरी नवीन चेन घेऊन आले. चेन चढवायची तर मागचे चाक सैल करावे लागते. काम दीड तास चालले. मी दोनदा चहा दिला. शेवटी त्या नटाला लागणारा मोठा पाना, जो गटात एकच आहे, त्यांच्याकडे नव्हता, तो कप्तानांनी नेला होता. मिस्त्री यजमानांना काय म्हणाले ते मी तेव्हा ऐकले नाही, मी आत होते. ते मला आज मिस्त्रींकडूनच समजले. ते असे: “नुसता हाताने लावलाय. उद्या सहाला पाना घेऊन येतो, आवळतो, मग निघू. रेघ तुटकीच राहू दे, म्हणजे विसरायला नको.” यजमान म्हणाले, “मी कुठे विसरतोय? माझे डोळे गेलेत, डोकं नाही.” एवढे मात्र मी ऐकले, कारण ते मोठ्याने हसले.

यजमानांच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. मागच्या वर्षी चौदाव्या नटाशी ते खाली बसले ते उठेनात. मी आणि शेजारच्या भाऊंनी दोन्ही बगलांत हात घालून उभे केले. “थोरलीलासुद्धा मधल्या स्टँडवर घेताना एवढा त्रास होत नाही,” असे ते भाऊंना म्हणाले. भाऊ गेल्यावर त्यांनी त्या दिवशीचा चहा घेतला नाही.

म्हणून या वर्षी त्यांना खाली बसायला लागू नये असे मी ठरवले होते. शनिवारी दुपारी चार वाजता ते केस कापायला गेले. फेरीच्या आधी ते नेहमी केस कापून घेत. मी पाट, नेलपॉलिश, कापूस आणि नेलपॉलिश पुसायची बाटली घेऊन शेडमध्ये गेले. तेरा रेघा धड होत्या, नुसत्या फिकट झाल्या होत्या. त्या वरून गिरवल्या. मागच्या चाकाची रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा आणि चाकाशेजारच्या दांड्यावरचा तुकडा यांत नखाएवढी फट होती.

चेनचे काम झाल्यावर नट घट्ट आवळला तरी तो पूर्वीच्या जागी येत नाही, रेघेचे तुकडे जुळत नाहीत. ती पुसून नवी ओढावीच लागते. हे मी बावीस वर्षे पाहत आले आहे. सकाळी काम झाले होते, दोघांनी हात धुतले होते. मी धरून चालले की नट आवळलेला आहे आणि रेघ तेवढी माझ्यासाठी ठेवली आहे. विचारायला समोर कोणी नव्हते. ते येईपर्यंत थांबले असते तर त्यांनी मला बाजूला सारून स्वतः बसायचा हट्ट धरला असता. मी जुने तुकडे पुसले आणि नवी रेघ ओढली. चांगली आली होती.

ते परत आले तेव्हा मी शेडला कुलूप लावले होते. रेघांबद्दल मी काही सांगितले नाही. सकाळी त्यांना आपोआप दिसतील, गंमत होईल, असा माझा विचार होता.

रविवारी सकाळी पावणेसहाला यजमानांनी शेड उघडली व टॉर्च घेऊन चौदाही रेघा पाहिल्या. मी स्वयंपाकघरात थर्मास भरत होते. ते दारातून म्हणाले, “मिस्त्री कालच येऊन आवळून गेलेला दिसतोय. मी न्हाव्याकडे होतो तेव्हा आला होता का गं?” त्याच वेळी गॅसवर दूध वर आले होते. मी म्हटले, “असेल.”

या शब्दाबद्दल साहेबांनी मला दोनदा विचारले. मी “असेल” असेच म्हटले. मिस्त्री आले नव्हते हे मला माहीत होते. प्रश्न माझ्या कानावर पडला होता, पण मी तो ऐकला नव्हता. दूध उतू गेले नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी कप्तान फाटकाशी आले. यजमान म्हणाले, “मिस्त्री मागून गाठेल. त्याची वाट पाहत बसलो तर ऊन चढेल.” मी हेल्मेटचा पट्टा लावून दिला, त्यांना बोटांनी तो जमत नसे. दोघे निघाले. बाकीचे नाक्यावर भेटणार होते.

सहा वीसला मिस्त्री पाना घेऊन आले. वाटेत त्यांच्या गाडीचे चाक पंक्चर झाले होते. शेड रिकामी पाहून त्यांनी विचारले, “वहिनी, गेले? नट कोणी आवळला?”

मी म्हटले, “कोणता नट?”

“मागचा. रेघ तुटकी ठेवली होती मी.”

मी म्हटले, “रेघा मी काल नव्या ओढल्या.”

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी यजमानांना फोन लावला, तो गाडीच्या टाकीवरच्या पिशवीत वाजत असणार. मग हेल्मेट न घालता ते निघाले. पाना तसाच हातात होता. मी दाराशी उभी होते. उशीर झाल्यामुळे ते चिडले असावेत असे मला तेव्हा वाटले.

अपघात सात पाचच्या सुमारास घाटातल्या चौथ्या वळणावर झाला. तो मी पाहिलेला नाही. कप्तानांनी सांगितले की मागचे चाक तिरके झाले आणि गाडी कठड्यावर गेली. मिस्त्री सहा-सात मिनिटांनी तिथे पोहोचले. यजमानांचे डोके त्यांनी मांडीवर घेतले होते. पुढचे तुमच्या पंचनाम्यात आहे. रस्त्यावर सापडलेला नट आणि त्यावरची लाल रेघ हेही आहे.

कप्तान गुरुवारी घरी आले. मुलगी आतल्या खोलीत होती. ते म्हणाले, “मिस्त्रीने ठाण्यात कबूल केलंय. आवळायचा विसरलो आणि वर रेघही मीच ओढली म्हणतो. बावीस वर्षं तुमची गाडी सांभाळणारा माणूस, असा कसा वागला?” तेव्हा मला शेडमधली दुपार आणि दारातला मिस्त्रींचा चेहरा यांचा मेळ लागला. रविवारपासून गुरुवारपर्यंत तो लागला नव्हता. की मी लावला नव्हता, हे मला सांगता येत नाही. कप्तानांना मी सरबत दिले. ते गेल्यावर मुलीला सगळे सांगितले.  ती म्हणाली, “आई, बाबांना आता काय फरक पडतो? मिस्त्रीकाकांनी स्वतःहून घेतलंय अंगावर.” मी म्हटले, “म्हणूनच जायचं.” आज ती माझ्याबरोबर आलेली नाही. तिचा दोष नाही.

आज ठाण्यात शिरताना मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसले होते. आमचे बोलणे हवालदारांनी ऐकले आहे, तरी सांगते. ते उठून उभे राहिले व म्हणाले, “वहिनी, तुम्ही कशाला आलात? घरी माणसं येत असतील.”

“मिस्त्री, रेघ तुम्ही ओढली म्हणता?”

“ओढली.”

“कशाने?”

“रंगानेच. कशाने ओढणार?”

“तुमची रेघ म्हणजे रस्त्यावरचा पट्टा. हे नेहमी म्हणायचे. तो नट बघा आणि मग खोटं बोला.”

ते खाली बसले. म्हणाले, “तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्हाला एकटीला राहायचंय त्या घरात.” आणि तोंडावर पंचा घेतला. त्यांनी माझ्यासाठी हे केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, पण ते खरे नाही. साहेबांनी कपाटातून नट काढून दाखवला. रेघ माझी आहे. पडताळ्यासाठी मी पांढऱ्या कागदावर तशाच पाच रेघा काढून दिल्या, त्या सोबत जोडल्या आहेत. माझा हात तेव्हा हलला नाही.

साहेबांनी मला समजावून सांगितले की असा जबाब दिल्यास कारवाई माझ्यावर होऊ शकते, मी बाई माणूस आहे, दुःखात आहे, दोन दिवसांनी शांतपणे आले तरी चालेल. मी म्हटले की दोन दिवस मिस्त्रींनी बाकावर काढायचे कारण नाही. वकील हवा का असे विचारले, मी नको म्हटले. पाणी दिले, ते प्यायले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मिस्त्रींना आजच घरी जाऊ द्यावे अशी विनंती आहे.

लिहिलेला मजकूर हवालदारांनी मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. त्यात ‘सदर रेघ मी नजरचुकीने ओढली’ असे वाक्य होते. ‘नजरचुकीने’ हा शब्द मी उच्चारला नव्हता. हवालदार म्हणाले, “राहू द्या बाई, तुमच्या बाजूचा आहे.” मी तो काढायला लावला. माझी नजर चुकली नव्हती. फट मी पाहिली होती. बाकी सारे मी सांगितले तसेच उतरले आहे.

खाडाखोड एक. तिच्याखाली माझी सही आहे.