कॅनडाची चिल्लर

नोटा घेता अन् चिल्लर घेत नाई? वा रे वा! भाऊ, परतवाडा-अमरावती गाडीवर तीस वर्सं कंडक्टर होतो मी. बाजाराच्या दिवशी बायांच्या कमरेच्या पिशवीतली घामानं ओली चिल्लर मोजून घेतली — अन् तुमच्या या डॉलर बदलायच्या एसीच्या दुकानात कॅनडाच्या नाण्याची एवढी ॲलर्जी? बरं. ठेवा बाजूले. नोटा मोजा. एकशेऐंशी डॉलर हायेत, मीच चारदा मोजले.

खर्च काहून नाई झाले म्हंता? अजी, घराबाहेर पडीन तवा खर्च करीन ना! पोरानं, नितेशनं, पयल्याच दिवशी हातात दोनशे देले — बाबा, मजा करा! अन् दोघं नवरा-बायको गेले ड्युटीवर. मजा म्हंजे काय, नातवाले मांडीवर घ्या अन् खिडकीतून बर्फ पाहा. एक दिवस वीसची नोट मोडून बसलो बसमध्ये. कंडक्टरच नाई! डब्यात पैसे टाका, वरचे वापस नाई. बरं, सारे लोक दारातच उभे, मांगं जागाच जागा — मले राहवलं नाई. दांडा वाजवला अन् ओरडलो, "चला, मांगं सरका, मांगं!" काय चूक केली, सांगा? डायवरनं गाडी उभी केली, नितेशले फोन गेला. घरी आल्यावर थो म्हंते, बाबा, तुमाले इथं करमत नाई. घ्या! मले करमत नाई हे मलेच माहीत नव्हतं. आठ दिवसात तिकीट हातात.

दोघाचं? नाई जी, एकाचं. माही बायको, पार्वताबाई, तिथंच हाये. तिले पोया येतात, लेकराले तेल लावता येते, आता सुनेचं दुसरं बाळंतपण. दिवाईले धाडतो म्हणे, मंग संक्रांतीले, आता म्हंते उन्हाया होऊ द्या. हुशार हाये पोरगा, तुमच्यासारखाच — नोट ठेवून घेतली, चिल्लर वापस केली.

रागानं नाई बोलून राहिलो. रोज फोन येते तिचा, जेवले काय म्हंते. मी म्हंतो, मस्त हाओ, घाई करू नको. साफ खोटं बोलतो. वरण लावतो सकाळी, थेच रात्री.

किती झाले? — बस? एवढ्यात तिकडून एका बाईचं तिकीट येईन काय? — अर्धंबी नाई? असू द्या, पेन्शनीतून टाकतो दर महिन्याले थोडे.

पावती द्या. अन् पेन द्या. सुटे नसले का आमी तिकिटाच्या मांगं बाकी लिहून देत होतो, उतरताना मांगून घ्या म्हणून. कोणाचा एक रुपया बुडवला नाई मी, तीस वर्सात. हे पाहा, लिहिलं — पार्वताबाई, एक, बाकी.

काय पाहून राहिले? चिल्लर द्या माही इकडं. बोलवा मांगच्याले.