पांढऱ्या पट्टीची खानावळ

मंडळी, जरा पुढं सरका. मागच्या खांबाला टेकून बसलेल्यांनी तर सरकाच, त्या खांबापाशी झोप फार लवकर लागते! वर नवा पंखा गरगरतोय, त्याच्या वाऱ्यात मघाशी निम्मी सभा डुलत होती. मला आधी वाटलं, भक्तीनं डुलताय. मग एक घोरणं ऐकू आलं आणि माझा अभिमान उतरला. असो. आता आख्यान आहे, आता जागं राहायचं.

प्रश्न साधा आहे. माणूस दुसऱ्याचं घर सोडतो, त्याचा पैसा सोडतो आणि स्वतःच्या कष्टाचं खातो — तो मोकळा झाला का? ... बघा, लगेच माना हलल्या! थांबा. गोष्ट ऐका आणि मग हलवा.

नाटक कंपन्यांचे दिवस होते. केशरीनाथ नावाचा एक गायकनट. काय त्याचा गळा, आणि काय त्याचा थाट! तो ज्या गावात उतरायचा तिथला पानवाला त्याच्या नावाचा विडा काढायचा. तरणी पोरं त्याच्यासारखी टोपी तिरकी घालून हिंडायची आणि बापाच्या हातचा मार खायची. पैसा तर असा यायचा की मोजायला वेगळा माणूस ठेवलेला.

त्याची बायको अंबूबाई. कंपनीचा मुक्काम पडला की राजापासून विदूषकापर्यंत सगळ्यांची पंगत ती उठवायची. स्टेजवर राजा कोण हे कंपनी ठरवायची, पण जेवायला आधी कोण बसणार ते अंबूबाई ठरवायची! अंगावर दागिने, दारात घोडागाडी, हाताखाली माणसं. नव्हता तो फक्त नवरा. त्यानं दुसऱ्या गावी दुसरं बिऱ्हाड केलं होतं.

हिनं विचारलं. तो म्हणाला, घरात राहा, महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतील, फक्त विचारायचं नाही. अंबूबाई म्हणाली, "न विचारता एका जागी उभं राहायला मी काय कपाट आहे?"

आणि निघाली. त्यानं दिलेला एकेक दागिना देवघराच्या कोनाड्यात ठेवला, माहेरचं एक पातेलं तेवढं उचललं आणि मिरजेला भावाकडं आली. भाऊ वासुदेव, माणूस चांगला, पण भित्रा. बाजारात त्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथं हिनं खानावळ घातली. वासुदेवानं सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत चालली तर ठीक. नाहीतर मी केशरीनाथांना निरोप धाडणार, की येऊन बायकोला घेऊन जा. म्हणजे पुन्हा ते कपाट! हे लक्षात ठेवा मंडळी, कारण अंबूबाई ते रोज लक्षात ठेवत होती.

पहिले काही दिवस गिऱ्हाईक नाही. आमटी उकळतेय आणि उकळी बघायला फक्त मांजर! मग एका रविवारी पंगतीतल्या एकानं हिला ओळखलं. "अहो, या तर केशरीनाथांच्या मंडळी!" झालं. त्यानं आग्रह धरला, श्रीखंड वाढताय तर नाव घेऊन वाढा. आपल्याकडची रीतच ती, नाव घेतल्याशिवाय नवरीच्या हातचं गोड कोणी खात नाही. हिनं लाजत उखाणा घेतला, केशरीनाथांचं नाव घेतलं, आणि पंगतीनं अशा टाळ्या वाजवल्या की श्रीखंड पानावरून उडालं.

पुढच्या रविवारी दारात रांग! श्रीखंडासाठी म्हणता? छे हो. बाई केशरीनाथांचं नाव घेते, ते ऐकायला. कोणी विचारायचं, त्यांना गोड आवडतं का तिखट? कोणी विचारायचं, घरीपण गातात का? आणि वासुदेव गल्ल्यावर बसून हसायचा. अंबूबाईला वाटलं, जिंकले. कोणाची दिडकी घेत नाही, माझं मी खाते!

आणि मग केशरीनाथांचा माणूस आला. पोटभर जेवला आणि निरोप सांगितला. मालक म्हणतात, खुशाल चालू द्या. पण माझ्याच नावावर जेवायचं, तर घरीच का जेवत नाही?

अंबूबाईला राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त वाटली, कारण बोलणं खरं होतं. पैसा सोडला, घर सोडलं, आणि दर रविवारी श्रीखंडाबरोबर त्याचंच नाव वाढत होती.

रविवार आला. पंगत ओरडली, नाव घ्या! ती म्हणाली, "आज नाव नाही. श्रीखंड आहे, हवं तर वाढते." लोकांना वाटलं, लाजतेय. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी निम्मी पानं रिकामी.

मग तिनं ठरवलं, दारावर पाटी लावायची. रंगारी बोलावला आणि सांगितलं, लिही, अंबूबाई यांची खानावळ. रंगारी म्हणाला, "कोणाच्या अंबूबाई?" ही म्हणाली, "नुसती अंबूबाई." त्या बिचाऱ्याला काही सुचेना. त्यानं जन्मात नुसती बाई रंगवलीच नव्हती! मान डोलावली, पाटी घेऊन गेला आणि संध्याकाळी रंगवून आणली. 'सौ. अंबूबाई केशरीनाथ यांची खानावळ.' वर म्हणतो कसा, "उघडं दिसत होतं बाई. मानानं लिहिलं, जादा पैसे नकोत!"

अंबूबाई आत गेली, चुन्याचं डबडं आणलं आणि त्याच्यासमोर 'सौ.' वर एक बोट फिरवलं, 'केशरीनाथ' वर कुंचला फिरवला. पाटी तशीच टांगली. अंबूबाई, मग एक पांढरी पट्टी, मग यांची खानावळ.

आता गावाला चघळायला विषय मिळाला. पण जेवायला कोण येणार? दसरा तोंडावर आला. वासुदेव कागद घेऊन बसला, निरोप लिहायला. अंबूबाईला झोप लागेना. एकदा तर तिनं मनाशी म्हटलंसुद्धा, एक उखाणा घेतला तर काय बिघडतं, चार शब्द तर आहेत. तुम्ही-आम्ही असतो तर घेतला असता, खोटं कशाला बोला!

पण तिनं दुसरंच केलं. मिरज म्हणजे रेल्वेचं गाव. गाड्यांवरची माणसं, कोळसा ओढणारी, झेंडी दाखवणारी, अवेळी सुटायची आणि थंडगार भाकरी चावत बसायची. कंपनीत प्रयोग संपल्यावर उशिरा पंगत उठवण्यात अंबूबाईचं निम्मं आयुष्य गेलेलं. तिनं स्टेशनात निरोप दिला, गाडी कितीही उशिरा येऊ दे, माझी चूल तुमची गाडी आल्यावरच विझेल.

ती माणसं आली. काळ्या हातांची, भुकेली. त्यांना नाटक बघायला वेळ कुठला? कोणी विचारलं नाही, तुम्ही कोणाच्या कोण. विचारलं एवढंच, आमटी आणखी आहे का! दसऱ्याला वासुदेव जेवायला बसला, त्याला पाट मिळेना. लिहिलेला कागद त्यानं गुपचूप चुलीत घातला आणि उभ्याउभ्या जेवला.

वर्षं गेली. बोलपट आले, नाटकांची थिएटरं ओस पडली. केशरीनाथ एकदा मिरजेला उतरले. टांगेवाल्याला म्हणाले, अंबूबाईंच्या खानावळीत चल. टांगेवाला म्हणाला, "पांढऱ्या पट्टीची का? चला." यांनी विचारलं, पट्टी कसली रे? तो म्हणाला, "खाली कुठल्याशा माणसाचं नाव आहे म्हणतात. पावसाळ्यात जरा वर येतं, मग दिवाळीला बाई पुन्हा चुना मारतात."

काय वाटलं असेल हो त्याला? मी त्याची थट्टा करतोय, पण त्या क्षणी मला त्याची दया येते.

आत आले. पंगत भरलेली. कोणी ओळखलं नाही. अंबूबाईनं ओळखलं, पाट मांडला, पान वाढलं, दोनदा आमटी वाढली. जेवून हात धुतले आणि हळूच म्हणाले, तेवढी पट्टी खरवडून टाक. आता माझं नाव दुसरीकडं कुठं राहिलेलं नाही.

ती म्हणाली, "ज्यांचं नाव नाही अशी शंभर माणसं इथं जेवतात. तुम्हीही येत जा."

ते निघाले, तसेच. गल्ल्याकडं न बघता. नवरा कधी स्वयंपाकघरात पैसे देतो का? पंगत बघत होती. वासुदेव गल्ल्यावर बसून छताकडं बघत होता. जाऊ दिलं असतं, तर ती खानावळ पुन्हा त्यांचं घर झाली असती.

"जेवणाचे पैसे राहिले," अंबूबाई म्हणाली.

"माझ्या घरात मी पैसे देऊ?"

"घर असतं तर घेतले नसते. ही खानावळ आहे, आणि माझी आहे."

केशरीनाथ मागं वळले. मग खिशात हात घातला, पैसे ठेवले, आणि मंडळी, त्या माणसानं तिला नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा, पडदा वर नसताना!

तेवढ्यात एका म्हाताऱ्या गार्डाला सगळा उलगडा झाला. तो म्हणाला, बाई, इतकी वर्षं तुमच्या हातचं खातोय, आज तरी नाव घ्या. अंबूबाईनं पदर खोचला, श्रीखंडाचं पातेलं उचललं आणि म्हणाली,

"पाटापुढं मांडलं पान, पानात वाढलं मीठ,
अंबूचं नाव घेते, अंबूनं केलं सगळं नीट!"

आता हलवा माना! घर सोडलं त्या दिवशी ती मोकळी झाली नव्हती, खानावळ भरली तेव्हाही नव्हती. झाली ती पट्टी मारली तेव्हा. आणि ती एकदा मारून भागत नाही, दर दिवाळीला मारावी लागते. आपल्या पाटीवर कोणाकोणाची नावं आहेत बघा. कोणाचा साडू आमदाराकडं, कोणाचे आजोबा इनामदार! ती पुसली तर खाली काय उरतं, तेवढंच देव वाचतो.

आणि जाता जाता, या पंख्याकडं बघा. बचतगटाच्या बायकांनी वर्षभर पापड लाटले, त्या पैशांचा हा वारा. पण पंख्याखालची पाटी मी मघाशीच वाचली. तिच्यावर सगळे त्यांचे नवरे आहेत, आणि अध्यक्षांचं नाव सगळ्यांत मोठं!

विश्वस्तांनो, टाळ नंतर उचला. आधी सांगा, देवळात चुना आहे का?