कोड्याखालचं उत्तर

दातांच्या दवाखान्यात शिक्षिकेनं ठणकता गाल धरला होता, पण कान मोकळे होते. शेजारी एका साप्ताहिकाचा कोडेकार मेहुण्यापुढे करवादत होता.

“या आठवड्यात कोड्याखालीच उत्तरं छापून बसलो!”

“मग सगळेच जिंकले असतील, भावोजी.”

“कसले डोंबलाचे! दोनशे पत्रं आली, एकही बरोबर नाही. म्हणे, इतकी उघडी उत्तरं खोटीच असणार!”

“दहा वर्षं जाहिरातींत, राशिभविष्यात उत्तरं दडवलीत. भोगा आता!”

“अरे, तुझ्या ताईनंसुद्धा भलतंच लिहून पाठवलं!”

“तिला तरी सांगायचंत, छापलंय ते खरं आहे म्हणून.”

“सांगितलं ना, घसा कोरडा पडेपर्यंत!”

“मग?”

“म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, तुम्ही सरळ कधी बोललात?”