आई बुडालेलं जहाज बघते

अरे, आमची आई तुडीलची, सावित्री नदीत पोहून वाढलेली. पण महापुरात घर पाण्यात गेलं, तेव्हापासून ती नदीवर फिरकलीच नाही. यंदा तिला लक्षद्वीपला नेलं. तिथे उथळ समुद्रात जुनं जहाज बुडालंय. आम्ही मास्क लावून उतरलो, आई होडीतच बसली.

"माणसं वाचली काय रे त्यातली?" मी होडीत परत चढल्यावर तिने विचारलं.

होडीवाल्याला विचारून मी म्हटलं, "सगळी वाचली, आई."

"मग दे तो चष्मा इकडं!"

पदर खोचून, वर लाइफ जॅकेट चढवून ती उतरली आणि जहाजावरून सरळ पोहत गेली. होडीतल्या प्रत्येकाला मी सांगत होतो, "माझी आई हाय ती!" ती होडीपाशी परतल्यावर तिला वर घ्यायला मी हात पुढे केला.

"हात नको रे, जहाजाची मागली बाजू बघायची हाय अजून!"