खात्रीची जागा

(शहागंजातलं मासेमारीच्या सामानाचं दुकान, शनिवारची संध्याकाळ. काउंटरमागे दुकानदार तनुजा; समोर शंतनू आणि त्याची मुलगी मृण्मयी. काउंटरवर शंतनूनं आणलेला, आमिष म्हणून वापरायच्या प्लास्टिकच्या रंगीत माशांचा डबा उघडा आहे.)

तनुजा : सहा गेले? एका सकाळी?

शंतनू : सात. एक झाडावर आहे.

तनुजा : अन् बाकीचे पाण्यातल्या गवतात. सर, हे बघा. ह्याच्या पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ लोंबतात. तोंडाला ही पट्टी. दोरी ओढली की हा सात-आठ फूट बुडी मारतो. आपल्या तलावात सात फुटांवर काय हाय? गवत, बाभळीची खोडं, अन् कुणाच्या तरी मोटारीची वायर. कुणी सांगितलं हे घ्यायला?

शंतनू : व्हिडिओ बघून मागवले. टेक्सासचा एक माणूस आहे, बास मासे पकडायला हेच वापरतो.

तनुजा : बास त्याच्या गावाला. इथं एक बास धरून दाखवा, दुकान तुमच्या नावावर करते. आपल्याकडं मरळ.

मृण्मयी : मी बाबांना तेच म्हटलं होतं. तिथं पाणी काचेसारखं आहे, आपलं चहासारखं.

शंतनू : तू तेव्हा कणीस खात होतीस, मृण्मयी.

मृण्मयी : खाता खाता म्हटलं.

तनुजा : वडलांपेक्षा पोरीची नजर बरी हाय. कितवीत गं?

मृण्मयी : सहावीत.

तनुजा : हे घे, हातात धर. दाब त्याचं पोट.

मृण्मयी : ई! बेडूक. रबराचा आहे. काटे कुठेत मावशी?

तनुजा : पाठीवर, अंगाला चिकटून. म्हणून गवतावरून सरपटत जातो, अडकत नाय. मरळीनं तोंडात धरला की पोट दबतं, काटे उघडे पडतात. फक्त घाई करायची नाय. पाणी उसळलं की लोक लगेच हिसका देतात, अन् बेडूक उडून आपल्याच तोंडावर. माझा भाऊ माऊली मनात मोजतो, 'एक फुलंब्री, दोन फुलंब्री', मंग हिसका.

मृण्मयी : एक फुलंब्री, दोन फुलंब्री.

तनुजा : हां. अन् सर, ही बारीक दोरी काढून टाका. मरळ गवतात शिरली की ओढून काढावी लागते. विणलेली जाड दोरी भरून देते. काठी आखूड, पण ताठ. किती किलोपर्यंतची पाहिजे मरळ? घरी खाणारे किती?

शंतनू : आम्ही खात नाही. माझी आई घरात आणूच देणार नाही. पकडून सोडून देतो.

तनुजा : खात नाय तर धरता कशाला?

शंतनू : हिला एकदा मासा हातात घ्यायचा होता. पहिलीत असताना म्हणाली होती.

मृण्मयी : मला आठवत नाही. बाबाच सांगतात.

तनुजा : बेटा, त्या मागच्या भिंतीवर बेडूकच बेडूक हायेत. तुझा तू निवड जा. सगळे बघ, मंग निवड.

शंतनू : ताई, ती तिकडे आहे तोवर सांगतो. हिच्या आईची पुण्याला बदली झालीय. मंगळवारी दोघी जातात. आत्तापर्यंत महिन्याचे दोन रविवार माझे होते, आता फक्त सुट्ट्या. चार रविवार आम्ही काठावर बसून हात हलवत परत आलो. मागच्या वेळी ती म्हणाली, बाबा, मी गाडीत बसू का, एसीत? उद्याचा शेवटचा रविवार. मला एक मासा पाहिजे. खात्रीचा.

तनुजा : पाण्यात खात्री कुणाची असती का?

शंतनू : तुम्ही रोज ऐकता लोकांकडून. कुठे काय लागतंय ते तुम्हाला माहीत असणार.

तनुजा : माहीत हाय. पण मी सांगत नसते कुणाला.

शंतनू : मला सांगा.

तनुजा : आमच्या गावाकडं पाझर तलाव हाय, फुलंब्रीच्या अलीकडं. बांधाच्या डाव्या अंगाला लव्हाळं. तिथं सध्या पिल्लांचा थवा फिरतोय. पाण्यावर शेंदूर सांडल्यागत लाल दिसतो. त्याच्या खाली मोठ्या मरळी राखणीला. थव्यावर बेडूक टाकायचा. पहिल्या फेकीत नाय तर तिसऱ्या फेकीत झडप पडणारच. पोरानं टाकला तरी.

शंतनू : एवढी भूक असते?

तनुजा : भुकेनं नाय येत. पिल्लांवर काय बी आलं की ती अंगावर जाते. बेडूक असो, साप असो, तुमचा पाय असो.

शंतनू : आम्ही लगेच सोडू. फोटो काढून दोन मिनिटांत.

तनुजा : मासा सुटंल, व्हय. पण तलावात चिलापी मासे लई. राखण हलली की चिलापी थव्यात घुसते. मी बघितलंय. मासा सोडून वर बघितलं तर शेंदूर अर्धा.

शंतनू : मग मला सांगितलंत कशाला?

तनुजा : तुम्ही खात्री मागितली. ती तेवढी एकच हाय. अडवायला मी कोण? सकाळी सहाला माऊली बांधावर असतो. लावू फोन?

शंतनू : आत्ता नको.

तनुजा : बरं.

शंतनू : चार रविवार मी तिला सांगतोय, आज नक्की.

तनुजा : व्हय.

शंतनू : दुसरी जागा कुठली?

तनुजा : उजव्या अंगाला, दगडांपाशी. मिळंल न मिळंल.

मृण्मयी : हा काळा घेतला. बाकीच्यांचे रंग खोटे वाटतात.

तनुजा : बेस केलंस. ते रंग गिऱ्हाइकासाठी असतात. मासा खालून बघतो, आभाळात ढग असले की त्याला काळाच नीट दिसतो.

मृण्मयी : बाबा, उद्या नक्की मिळेल ना?

शंतनू : नक्की नाही. एक नक्कीची जागा आहे, पण तिथे मासे पिल्लं सांभाळत बसलेत. आपण बेडूक टाकला तर ते त्याच्यावर धावून येतील, आणि तेवढ्यात दुसरे मासे पिल्लं खातील.

मृण्मयी : मग तिथं नाही टाकायचा.

शंतनू : नाही. दुसरीकडे बसू. पण तिथे कदाचित काहीच लागणार नाही. पुन्हा.

मृण्मयी : पण पिल्लं बघता येतील? नुसती?

तनुजा : येतील की. बांधावर गप बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाय. हवा घ्यायला सगळी एकदम वर येतात. पाणी उकळल्यागत दिसतं.

मृण्मयी : मग आधी ते. मासा नंतर.

शंतनू : बरं. एसीत नाही बसायचं?

मृण्मयी : बाबा!

तनुजा : सर, काठ्या दोन काढू का एक?

शंतनू : एकच. तिच्या हाताची.

मृण्मयी : माझी आहे? पुण्याला नेऊ?

शंतनू : तुझीच आहे. ने.

मृण्मयी : नको. आजीच्या कपाटामागे ठेवा. मी आले की लागेल.